एक उतारा, चार सारांश

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या कळव्याच्या अभ्यासिकेत हे ठरलेलं. बारावी होऊन पहिल्या वर्षाला गेलेलं कोणीतरी पोरगं झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन येतं. पान अर्धंअधिक पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं असतं. "सर, मॅडमनी याचा सारांश आणायला सांगितलाय. नक्की काय करायचं?" मी विचारतो, विषय कुठला? तर उत्तर येतं, "विषयाचा काय संबंध? सारांश तो सारांशच ना?"

इथेच गाडी चुकते. शाळेत सारांश म्हणजे परीक्षेतला एक प्रश्न होता. उतारा दिलेला, एक तृतीयांशात लिहा, वर शीर्षक द्या, गुण घ्या. त्या सारांशाचं पुढे कोणी काही करणार नव्हतं. कॉलेजात मात्र तो कोणीतरी वापरणार असतो. तुम्ही स्वतः परीक्षेच्या आदल्या रात्री, तुमचे गाइड, एखादा वकील, नाहीतर बँकेतला साहेब. वापर बदलला की काय ठेवायचं आणि काय गाळायचं तेही बदलतं. म्हणून वाचायला सुरुवात करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून ठेवा: हे कोण वाचणार, आणि वाचून काय करणार?

उत्तर सापडत नसेल तर शिक्षकांना विचारा. लाज वाटायचं कारण नाही. त्यांनाही अनेकदा तेवढं विचारल्यावरच सुचतं की आपल्याला नक्की काय हवंय.

आधी शब्द सरळ करू

'सारांश' हा मोठा डबा, त्यात बरंच काही मावतं. संक्षेप म्हणजे मूळ मजकूर त्याच क्रमाने, त्याच सुरात आखडून लिहिणं. शाळेतलं ते हेच. टिपण म्हणजे स्वतःपुरतं, त्यात बाण, खुणा, अर्धी वाक्यं सगळं चालतं. रसग्रहण हा सारांश नव्हे. त्यात तुमचं मत लागतं, सारांशात ते चालत नाही.

आणि गोषवारा. शोधनिबंधाच्या डोक्यावर जो दीड-दोनशे शब्दांचा परिच्छेद असतो त्याला मराठीत गोषवारा म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. फारसीतून आलेला, दफ्तरातला, जमाखर्चाचा. महापालिकेच्या अर्थसंकल्पातही गोषवारा असतोच. आतल्या शंभर पानांतली बेरीज पुढच्या एका पानाशी जुळली पाहिजे, एवढीच त्याची अट. लेखाच्या गोषवाऱ्यालाही तीच अट लावा. आत नाही ते बाहेर नको, आणि आत जे वजनदार आहे ते बाहेर हलकं दिसायला नको.

वाचताना

पहिलं वाचन नुसतं करा. हायलायटर बॅगेत ठेवा. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून तर पान पिवळं होतं.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात दोन गोष्टी लिहायच्या: हा परिच्छेद सांगतो काय, आणि करतो काय. पहिली गोष्ट सगळे लिहितात, दुसरी बहुतेक जण विसरतात. परिच्छेद उदाहरण देत असेल तर 'उदा.' लिहा. आधीचाच मुद्दा पुन्हा सांगत असेल तर 'पुन्हा'. दुसऱ्या कोणाचं मत मांडत असेल तर ठळक 'दुसऱ्याचं'.

हे शेवटचं मी ठेच लागून शिकलो. एम.ए.ला असताना रेल्वेच्या इतिहासावरच्या एका निबंधाचा सारांश लिहायचा होता. विषय घरचाच. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी आमच्या ठाण्यालाच आली, त्यामुळे मी जोरात होतो. निबंधाच्या पहिल्या तीन पानांत लेखकाने सविस्तर मांडलं होतं की रेल्वे ही इंग्रजांनी हिंदुस्थानावर केलेली मेहेरबानी होती. मी ते छान एका परिच्छेदात बसवलं. पुढची पानं जरा किचकट होती, रेल्वे कंपन्यांना भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी कशी मिळाली आणि तिचा भार इथल्या महसुलावर कसा पडला याबद्दलची. ती मी 'आर्थिक तपशील' म्हणून दोन ओळींत गुंडाळली. वही परत आली तेव्हा पहिल्या परिच्छेदावर आडवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं: "लेखक हेच खोडून काढतो आहे."

म्हणजे मी पूर्वपक्ष उचलून लेखकाच्या गळ्यात बांधला होता. जुने पंडित शास्त्रार्थात आधी समोरच्याची बाजू नीट मांडत, मग तिचं खंडन करत. आजचे अभ्यासकही तेच करतात, फक्त 'पूर्वपक्ष' असा मथळा देत नाहीत. 'असा समज आहे', 'सर्वसाधारणपणे मानलं जातं', 'वरवर पाहता' असे शब्द दिसले की थांबा. पुढे कुठेतरी 'मात्र', 'तथापि', 'वस्तुतः' येतो. लेखक स्वतः बोलायला लागतो तो तिथून.

तिसरं वाचन करायचं नाही. पुस्तक मिटायचं आणि आठवणीतून लिहायचं. ही पायरी मुलांना सगळ्यात जड जाते, आणि तीच सगळ्यात कामाची. पुस्तक उघडं असलं की वाक्यं त्याचीच उतरतात, तुम्ही फक्त 'म्हणून' काढून 'त्यामुळे' घालता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वाङ्मयचौर्याबाबतचे नियम प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय सोडतात. पण त्या टक्क्यांचा आधार घेऊन पहिल्याच वर्षी वाईट सवय लावून घेऊ नका. लिहून झालं की पुस्तक उघडा आणि चारच गोष्टी ताडून पाहा: नावं, आकडे, क्रम, आणि 'कदाचित', 'काही', 'बहुधा' यांसारखे शब्द.

हे शेवटचे शब्द लहान दिसतात म्हणून पहिले कापले जातात. 'काही अभ्यासकांच्या मते असं असावं' याचं 'असं आहे' झालं की शब्द वाचतात आणि लेखक खोटा पडतो. मोबाइलवरचं ॲप करून देतं त्या सारांशातही मला हाच दोष वारंवार दिसतो. वापरू नका असं म्हणत नाही, पण ताडून पाहायचं काम ॲपकडे देता येत नाही.

आता एक उतारा घेऊ

मी मुलांना सरावासाठी देतो तो हा. आपल्या खाडीचा आहे.

"ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला, ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यान, हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात नील-हरित शैवाल आणि बारीक जलचर मिळतात, ते त्यांचं खाद्य. 2015 मध्ये राज्य सरकारने इथलं 1,690 हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केलं. त्यात 896 हेक्टर खारफुटी आणि 794 हेक्टर लगतचं पाणी आहे. 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्याआधी 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी केली होती. खाडीच्या दोन्ही काठांवर जुने कोळीवाडे आहेत. सांडपाणी आणि गाळ यांनी मासळी घटली, असं कोळी सांगतात. शैवाल वाढण्यामागे याच सांडपाण्यातली पोषकद्रव्यं असावीत, असं काही अभ्यासक मानतात."

जीवशास्त्राचा सारांश असा होईल: "ओहोटीला उघडा पडणारा चिखल शैवाल आणि जलचर पुरवतो, म्हणून रोहित पक्षी हिवाळ्यात ठाणे खाडीत उतरतात. शैवालवाढीला सांडपाण्यातली पोषकद्रव्यं कारण असावीत, असं काही अभ्यासकांचं मत." सालं गेली, न्यायालय गेलं, कोळी गेले. 'असावीत' मात्र राहिलं.

कायद्याच्या वर्गात: "ठाणे खाडीला तीन टप्प्यांत संरक्षण मिळालं. 2005 ची खारफुटी तोडीवरची राज्यव्यापी न्यायालयीन बंदी, 2015 चं 1,690 हेक्टरचं अभयारण्य, 2022 चा रामसर दर्जा." इथे पक्षीसुद्धा जवळजवळ उडाले. शिवाय क्रम बदलला. उताऱ्यात 2005 सगळ्यात शेवटी येतं, इथे ते पुढे घेतलं, कारण वाचणाऱ्याला आधी काय झालं ते हवंय. सारांशात क्रम बदलायला हरकत नाही. संक्षेपात बदलता येत नाही.

भूगोलाला जागा हवी: पश्चिम काठ, दोन पूल, आणि क्षेत्रात निम्म्याहून थोडी जास्त खारफुटी. 896 भागिले 1,690 केलं तर 53 टक्के येतात. टक्केवारी उताऱ्यात नव्हती, पण आकडे त्याचेच आहेत, त्यामुळे चालेल.

अर्थशास्त्राच्या मुलाने गेल्या वर्षी लिहिलं होतं: "सांडपाण्यामुळे कोळ्यांचं नुकसान झालं आणि पक्ष्यांचा फायदा, त्यामुळे पर्यटन वाढलं." वाचायला झकास. पण यात तीन घोटाळे आहेत. 'कोळी सांगतात' गळून थेट 'नुकसान झालं' आलं. 'असावीत' गेलं आणि फायदा पक्का झाला. आणि पर्यटन उताऱ्यात कुठेच नाही, ते त्याने ऐरोलीच्या बोटसफरीवरून आणलं. मी त्याला म्हटलं, तुझं म्हणणं कदाचित बरोबर असेल, ते निबंधात लिही. सारांशात पाहुणा आत घ्यायचा नाही.

प्रत्येक विषयाची खोड

विज्ञानात गोषवाऱ्याचा सांगाडा ठरलेला असतो: प्रश्न काय होता, केलं काय, सापडलं काय, त्याचा अर्थ काय. सापडलं काय तिथे आकडा हवा. 'लक्षणीय वाढ दिसली' यावर कोणी विश्वास ठेवत नाही. संदर्भ आणि आकृत्यांचे क्रमांक गोषवाऱ्यात घालत नाहीत, कारण तो अनेकदा लेखापासून सुटा वाचला जातो. लिहायचा शेवटी, छापला जातो सुरुवातीला. प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिता त्याचीच ही मोठी बहीण समजा.

गणितवाल्यांना वाटतं आपली यातून सुटका झाली. खरं तर संख्याशास्त्राचा अर्धा धंदाच सारांशाचा आहे. पाच मुलांचे गुण घ्या: 35, 38, 40, 41, 96. सरासरी 50 येते. आता वर्गात पाहा, पन्नासच्या जवळपास एकही पोरगं नाही. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, घेतला तर 40, आणि तो चौघांची खरी परिस्थिती सांगतो, पण 96 वाली मुलगी त्यात दिसतच नाही. दोन्ही सारांश बरोबर, दोन्ही काहीतरी लपवतात. म्हणून अहवालात मध्यकाशेजारी किमान आणि कमालही द्यायची पद्धत आहे. मला तर वाटतं शब्दांच्या सारांशाची गफलत शिकवायलाही हे पाच आकडे पुरेत. जे एकच मोठं आणि वेगळं असतं ते एकतर सगळं खेचून घेतं, नाहीतर साफ गायब होतं. सिद्धांताच्या सिद्धतेचा सारांश लिहायची वेळ आली तर पायऱ्या मोजत बसू नका, कळीची युक्ती कोणती ते एका वाक्यात सांगा.

कायदा शिकणाऱ्यांचं सारं शिक्षणच सारांशावर चालतं. निवाडा वाचायचा आणि एका पानात आणायचा: वस्तुस्थिती, न्यायालयापुढचा मुद्दा, निर्णय, आणि त्या निर्णयामागचं कारण. यात कारण सर्वात महत्त्वाचं, कारण पुढच्या खटल्याला बांधून ठेवतं ते तेच. केशवानंद भारती खटला घ्या. 24 एप्रिल 1973 चा निकाल, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, आणि 11 वेगवेगळी निकालपत्रं. सुरुवात झाली होती केरळातल्या एका मठाच्या जमिनीवरून. पहिल्या वर्षाची मुलं मठ आणि जमीन यावर अर्धं पान घालवतात, कारण ती गोष्ट समजायला सोपी आहे. त्यासाठी एक ओळ पुष्कळ. मुद्दा होता संसद घटना किती बदलू शकते. बहुमताचं उत्तर: कलम 368 खाली कुठलाही भाग बदलता येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. अल्पमताचं म्हणणं लिहायचं असेल तर वर 'अल्पमत' असं लिहूनच. नाहीतर तुमचं माझ्यासारखं होईल, आणि वकिलाला ते वहीवरच्या रेघेपेक्षा बरंच महाग पडतं. आणखी एक, निकालांच्या खंडांत वर छापलेली शिरोटीप संपादकाची असते, न्यायाधीशाची नसते. ती वाचा, पण उद्धृत करू नका.

इतिहासात कोण सांगतंय आणि कधी सांगतंय हे सुटलं की उरतं ते निरर्थक. घटना 1853 ची, सांगणारा 1953 चा, हा फरक सारांशात दिसला पाहिजे.

साहित्यात कथानक सांगणं म्हणजे सारांश असा घोळ सार्वत्रिक आहे. 'मग तो गावी जातो, मग ती आजारी पडते' अशी पानभर 'मग'ची माळ. कथेचा ताण कुठे आहे ते आधी ठरवा आणि त्या ताणाला लागेल तेवढंच कथानक घ्या. शेवट लपवू नका, ते पुस्तकाच्या पाठच्या कव्हरवाल्याचं काम. कवितेचा सारांश मात्र मागूच नये असं माझं मत आहे. मागितलाच तर भावार्थ द्या आणि मोकळे व्हा.

वाणिज्य आणि व्यवस्थापनात उलटा कारभार. शिफारस पहिल्या ओळीत, कारणं नंतर. वाचणारा साहेब दुसऱ्या पानावर जाणार नाही हे धरूनच लिहायचं.

सामाजिक शास्त्रांत पुढे प्रबंधाची वेळ आली की पूर्वसंशोधनाचा आढावा लिहावा लागतो, म्हणजे वीस-पंचवीस सारांश एकत्र. तिथे मुलं लोकलच्या स्टेशनांसारखी यादी लावतात: अमुक म्हणतात, तमुक म्हणतात, पुढील स्टेशन फलाणे. लेखकांनुसार न जाता मुद्द्यांनुसार जा. एका मुद्द्यावर कोणाकोणाचं जमतं, कोणाचं फाटतं, तेवढं सांगा. नवी मुंबईचं उदाहरण घ्या. 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यापासून शहराच्या आखणीवर लिहिणारे वेगळे आणि जमिनी गेलेल्या गावांवर लिहिणारे वेगळे. लेखकांची यादी केली तर ते एकमेकांना भेटतच नाहीत. 'जमीन' हा मुद्दा धरला की दोघं एका परिच्छेदात येऊन भांडायला लागतात, आणि तुम्हाला तुमचा प्रश्न तिथे सापडू शकतो.

लांबी, आणि कापायचं कसं

लांबी सांगितली नसेल तर मूळ मजकुराच्या दहाव्या हिश्श्यापासून सुरुवात करा. ही माझी अंदाजपंचे पट्टी, शास्त्र नाही. कापताना आधी विशेषणं जातात, मग दुसरं उदाहरण, मग 'या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे की' छापाचं नमनाचं तेल. पहिलं उदाहरण जमलं तर ठेवा. नुसते मुद्दे राहिले की तीन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही.

आणि वर कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, पान क्रमांक. लगेच, लिहायला बसतानाच. हे न केल्यामुळे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, 1893 पासून पुस्तकं जमवणाऱ्या त्या वास्तूत, मी एका पान क्रमांकासाठी आख्खा शनिवार घालवलेला आहे.

बोलून पाहणं

शेवटची चाचणी कागदावर होत नाही. वाशी लोकलने कॉलेजला जात असाल तर ठाण्याला गाडी सुटली की मैत्रिणीला सांगायला सुरुवात करा आणि ऐरोली यायच्या आत संपवा. आता मध्ये दिघा गाव स्टेशन झालंय, तिथे ती काय समजली ते एकदा विचारा. अडखळलात ती जागा तुम्हाला कळलेली नाही असं समजायचं. वहीत ती जागा बहुधा पुस्तकाच्याच शब्दांत लिहिलेली सापडते.

बरोबर कोणी नसेल तर घरी वाचून दाखवा. ऐरोलीजवळच्या दिवा कोळीवाड्यातून एक मुलगी येते, जीवशास्त्राची. तिने खाडीचा सारांश घरी आजीला वाचून दाखवला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात आपली माणसं कुठायत? पोरगी हिरमुसून माझ्याकडे आली, कोळ्यांचं वाक्य घालू का म्हणून विचारायला. मी म्हटलं, सरांनी पक्षी का येतात तेवढंच विचारलंय, नको घालूस. ती बसली, पान उलटलं, आणि पाठच्या कोऱ्या बाजूला आजीसाठी दुसरा लिहायला घेतला.